घशात हाड, पोटात गॅस, उन्हाचा थकवा: कुत्र्या-मांजरांच्या दुखण्यात फसवणारी लक्षणं

कुत्रं किंवा मांजर उशिरा दवाखान्यात पोचतं, तेव्हा बहुतेक घरांत लक्षण दिसलेलं असतं. फक्त त्याचा अर्थ भलताच लावलेला असतो. बोका कुंथतोय म्हणजे शी कडक झाली, पोट फुगलं म्हणजे गॅस, कुत्री सारखं पाणी पितेय म्हणजे उकाडा. असे अंदाज बांधण्यात एक-दोन दिवस जातात आणि नेमका तेवढाच वेळ उपचाराला हवा असतो. म्हणून आजारांची यादी देण्यापेक्षा, घरात जे बोललं जातं त्याच्या मागे कोणतं दुखणं लपलेलं असू शकतं, ते इथे सांगितलं आहे.

आधी निरोगी असताना मोजून ठेवा

आपल्या जनावराचे नेहमीचे आकडे माहीत नसतील, तर बिघडलेले ओळखू येत नाहीत. एखाद्या निवांत रविवारी हे मोजा आणि लसीच्या कार्डावर लिहून ठेवा.

ताप: साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, फक्त जनावरासाठी वेगळा ठेवा. टोकाला पेट्रोलियम जेली लावून शेपटी वर धरा आणि गुदद्वारात सुमारे २ सेंटिमीटर आत सरकवा. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, मांजराचं १००.५ ते १०२.५. म्हणजे माणसाला जो ताप, तो त्यांचा रोजचा. १०३ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. १०५ च्या वर किंवा ९९ च्या खाली असेल तर ताबडतोब. नाक कोरडं किंवा कान गरम यावरून ताप कळत नाही.

श्वास: गाढ झोपेत छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. १५ ते ३० ठीक. झोपेतही सतत ३० च्या वर जात असेल, तर हृदय किंवा फुप्फुसं तपासायला हवीत. कुत्रं धापा टाकतं, मांजर टाकत नाही. घरात निवांत बसलेलं मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर तसंच उचलून दवाखाना गाठा.

हिरड्या: घरातली ही सर्वात उपयोगी तपासणी. ओठ वर करा, बोटाने हिरडी दाबा, सोडा. पांढरा झालेला ठिपका २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. पांढरट हिरडी म्हणजे रक्त कमी आहे किंवा आत कुठेतरी रक्तस्राव होतो आहे. पिवळी म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे प्राणवायू कमी, विटकरी लाल म्हणजे उष्माघात किंवा रक्तात पसरलेला संसर्ग. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा मुळातच काळ्या असतात. तिथे खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहा.

वजन: महिन्यातून एकदा. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि मग स्वतःचं वजन वजा करा. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटलं, तर ते ६० किलोच्या माणसाने ६ किलो गमावण्यासारखं आहे. केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. मांजर दुखणं लपवतं, काट्यावर मात्र ते लपत नाही.

"बोका कुंथतोय, शी होत नाहीये"

बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जातो, पाठ वाकवून बसतो, कण्हतो, बाहेर येऊन लघवीची जागा चाटतो. कधी न्हाणीघरात, कधी थेट सिंकमध्ये बसतो. घरचे एरंडेल किंवा तूप पाजतात. खरं तर त्याची लघवी अडकलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला इतका अरुंद असतो की बारीक खडे आणि चिकट स्रावाची बूच तिथे घट्ट बसते. माद्यांमध्ये मार्ग रुंद असल्याने हे क्वचितच होतं.

फरक ओळखायची पद्धत साधी आहे. बॉक्समधली जुनी वाळू काढून कोरडी वाळू किंवा पांढरा कागद घाला आणि पुढचे दोन तास ओल दिसते का ते पाहा. थेंब-थेंब किंवा लालसर ओल दिसली तरी ती लघवी सुटल्याची खूण मानू नका. पोटाच्या मागच्या भागात लिंबापासून मोसंब्याएवढा घट्ट गोळा लागला तर ते भरलेलं मूत्राशय आहे. ते दाबू नका, फुटू शकतं.

लघवी पूर्ण अडली की रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि त्याने हृदय बंद पडतं. यासाठी २४ ते ४८ तास पुरतात. उलट्या सुरू झाल्या, बोका थंड पडून आडवा झाला, तर हातात मोजकेच तास आहेत. रात्री दोनला लक्षात आलं तर रात्री दोनलाच निघा. डॉक्टर भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात आणि बहुतेक बोके वाचतात. पुन्हा होऊ नये म्हणून ओलं अन्न, घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची पसरट भांडी आणि डॉक्टरांनी सांगितलेला आहार, एवढं कायम पाळावं लागतं.

मांजराबद्दल आणखी एक. दोन दिवस काहीच न खाणारं मांजर, विशेषतः लठ्ठ असेल तर, स्वतःच एक आजार तयार करतं. शरीरातली चरबी यकृतात जमते आणि कावीळ होते. "रुसलंय, भूक लागली की खाईल" म्हणून वाट पाहू नका.

"गॅस झालाय, सोडा पाजू का?"

नको. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर हवेने फुगून स्वतःभोवती फिरतं. दोन्ही तोंडं पिळली गेल्याने ना उलटी होते, ना हवा खाली जाते. ओळखायची खूण एकच: कुत्रं उलटीसाठी जोर लावतं आणि फेसाशिवाय काही पडत नाही. सोबत अस्वस्थपणा, सारखी जागा बदलणं, बरगड्यांच्या मागे ढोलासारखं ताणलेलं पोट. सोड्याने किंवा खाण्याच्या फसफसणाऱ्या पावडरीने आतली हवा वाढते. जठराचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, शस्त्रक्रियेशिवाय सुटका नाही आणि वेळ तासांत मोजायची असते. मोठ्या कुत्र्याला दिवसाचं जेवण एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्या आणि जेवणानंतर तासभर पळवू नका.

"घशात हाड अडकलंय"

हा गैरसमज माणसाच्या जिवावर बेततो. पिसाळलेला, म्हणजे रेबीज झालेला, कुत्रा दर वेळी चवताळून अंगावर येत नाही. या रोगाचा शांत प्रकारही असतो. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, तोंड उघडं राहतं, लाळ गळते, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो. पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी अडकलं. मग कोणीतरी तोंडात हात घालतं.

खरंच हाड अडकलेलं कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, डोकं झटकतं आणि त्याआधी त्याने हाड खाल्लेलं कोणीतरी पाहिलेलं असतं. स्वभाव मात्र त्याचा तोच असतो. लाळेसोबत स्वभाव बदललेला असेल, ओळखीच्या हाकेला उत्तर येत नसेल, माती-लाकूड चावलं जात असेल, मागचे पाय लटपटत असतील, तर तोंडाला हात लावू नका. दार बंद करून त्याला वेगळं ठेवा आणि पशुवैद्यकांना फोन करा. "पाणी पितोय म्हणजे पिसाळलेला नाही" हेही खरं नाही. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. कुत्रं पाण्यात तोंड घालतं, पण गिळू शकत नाही.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. चावणारं कुत्रं किंवा मांजर १० दिवस नजरेखाली ठेवतात, पण माणसाची लस त्यासाठी थांबवायची नसते. आपल्या जनावराला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस आणि पुढे डॉक्टरांच्या वेळापत्रकाने बूस्टर, यात एकही वर्ष चुकवू नका. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरालाही ही लस हवी.

"उन्हाने मलूल झालाय, दोन दिवस जेवला नाही"

महाराष्ट्रात पाळीव कुत्रा असा दिसला की पहिला संशय गोचीड तापाचा घ्यावा, मग अंगावर गोचीड सापडो वा न सापडो. तपकिरी गोचीड एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात सोडतो आणि चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो. तोवर गोचीड गळूनही गेलेला असतो.

पोटाची कातडी आणि कानाची आतली बाजू उजेडात पाहा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, नाकातून रक्त आलं, किंवा इंजेक्शन दिलेल्या जागी मोठा काळानिळा डाग पडला, तर प्लेटलेट्स घसरल्या आहेत. कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण २ लाखांच्या वर असतात. ५० हजारांखाली रक्तस्रावाचा धोका खरा होतो. डॉक्टरांकडे रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचेवरचा रक्ताचा नमुना, दोन्ही मागा. कारण त्याच गोचिडाने बॅबेसिया हा दुसरा जंतूही येतो. तो तांबड्या पेशी फोडतो, लघवी काळ्या चहासारखी होते, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडतात, आणि एर्लिकियावरच्या डॉक्सिसायक्लिनने एकट्याने तो जात नाही. अंदाजाने गोळ्या सुरू केल्या की इथेच फसगत होते.

दुसरी फसगत म्हणजे गोळ्या अर्ध्यावर सोडणं. तीन दिवसांत कुत्रं शेपटी हलवू लागतं, जेवतं. पण कोर्स साधारणपणे २८ दिवसांचा असतो. मधेच थांबवला तर जंतू प्लीहेत दबून राहतो आणि काही महिन्यांनी अस्थिमज्जा निकामी करत परत येतो. तेव्हा उपचार फार अवघड होतात. गोळी पोटभर जेवणासोबत द्या, रिकाम्या पोटी उलटी होते.

गोचीड शोधायच्या जागा: कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली. पिल्लू गोचीड तिळाएवढा असतो. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि न पिळता सरळ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यांपैकी काही नको. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. एक मादी भिंतीच्या भेगांत, फर्निचरमागे हजारो अंडी घालते, त्यामुळे नुसत्या आंघोळीने काही होत नाही. कुत्र्याला डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा मानेवर लावायचं औषध, अंथरूण गरम पाण्यात धुणं आणि भेगा बुजवणं, हे तिन्ही एकत्र दोन-तीन महिने करावं लागतं. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. त्याने मांजराला झटके येतात आणि ते मरतं. घरात दोन्ही असतील, तर औषध वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवा.

खरा उष्माघात वेगळा असतो आणि तो काही मिनिटांत होतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर होतोच, पण मुंबई-कोकणाच्या दमट हवेतही होतो, कारण ओल्या हवेत धापा टाकून अंग थंड होत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जाती आधी कोसळतात. मोठ्या आवाजातली धाप, चिकट लाळ, विटकरी हिरड्या, झोकांड्या. आधी थंड करा, मग न्या. सावलीत घेऊन नळाचं पाणी पोट, जांघा, काखा, पंजे असं सगळ्या अंगावर ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. बर्फ नको, तोंडात पाणी ओतणं नको. तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते खूप खाली घसरतं. उठून बसला तरी दवाखान्यात न्या, कारण मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं बिघाड एक-दोन दिवसांनी वर येतं.

"माजावर आली असेल"

नसबंदी न केलेली कुत्री माज संपल्यावर एक-दोन महिन्यांनी जास्त पाणी प्यायला लागली, जास्त लघवी करू लागली, मलूल झाली, उलट्या करू लागली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची दाट शक्यता आहे. खालून पू वाहत असेल तर निदान चटकन होतं. वाहत नसेल तर धोका जास्त, कारण पू आतच साठतो. सोनोग्राफीत दिसतं, गर्भाशय काढावं लागतं. पाणी किती जातं ते मोजा: सकाळी लिटरभर भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलीटरहून जास्त जात असेल, तर कारण काहीही असो, रक्त-लघवी तपासा. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजारही असेच उघडकीला येतात.

थेंब-थेंब रक्त तीन आठवड्यांपलीकडे चालू असेल तर तो माज नव्हे. नर कुत्र्यालाही असं रक्त येतं आणि त्याला "लघवीतून रक्त" समजून खड्यांचे उपचार सुरू होतात. लघवीच्या जागेवरची कातडी मागे सारून पाहिल्यास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लावताच रक्त येणारी गाठ दिसते. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी ही गाठ आपल्याकडे सर्रास आढळते. कर्करोग असूनही आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण जाते. वस्तीतल्या कुत्र्याला अशी गाठ दिसली तर त्याच्यासाठी जरूर धावपळ करा, ती वाया जात नाही.

"जंत झालेत पिल्लाला"

सहा आठवडे ते सहा महिन्यांचं पिल्लू पहिल्या दिवशी फक्त गप्प असतं. मग उलट्या, मग सडका वास येणारे रक्ताचे जुलाब. हा पार्व्हो, विषाणूचा आजार. या वेळी जंताचं औषध पाजण्यात दिवस घालवू नका. उलट्या होत असताना तोंडाने दिलेलं काही टिकत नाही, शिरेतून सलाईन लागतं. मांजराच्या पिल्लात याचाच भाऊबंद असतो: पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं आणि पीत नाही.

हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने जगतो आणि फिनाइलने मरत नाही. आधी घाण पूर्ण पुसा, मग १ भाग ब्लीचमध्ये ३० भाग पाणी मिसळून लादी १० मिनिटं ओली ठेवा. लस सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी देतात आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावर हवा. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते, म्हणून हा शेवटचा डोस सर्वात मोलाचा. तोवर पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका.

पावसाळ्यात, उंदरांच्या मुताने दूषित साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार येतो: ताप, ताठरलेली चाल, उलट्या, मग पिवळे डोळे. तो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. तुमच्या लसीत लेप्टो आहे का, ते कार्डावर पाहा.

औषधाचा डबा आणि स्वयंपाकघर

माणसाची तापाची गोळी जनावराला देऊ नका. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या चॉकलेटी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात.

कांदा-लसूण शिजवलेला असो वा पावडर, तांबड्या पेशी फोडतो आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे रश्श्याशी त्यांचा संबंध कोणी जोडत नाही. द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंडं बिघडतात आणि सुरक्षित प्रमाण ठरवता येत नाही. चॉकलेटचा हिशेब करता येतो: १० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटने अस्वस्थता, उलट्या सुरू होतात. गडद चॉकलेट किंवा कोको पावडर त्याच्या कितीतरी कमी पुरते. साखर नसलेल्या च्युइंगममधल्या झायलिटॉलने कुत्र्याची साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. पुष्पगुच्छातल्या खऱ्या लिलीचे परागकण मांजराने चाटले तरी मूत्रपिंडं जातात. फिनाइलने पुसलेल्या लादीवर चाललेलं मांजर पंजे चाटतं, म्हणून लादी पूर्ण वाळू द्या आणि साध्या पाण्याने पुन्हा पुसा.

उंदराच्या विषाचं नाव फार महत्त्वाचं. ब्रोमाडिओलोन असेल तर दोन-पाच दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं आणि मग आत रक्तस्राव होतो. त्यावर व्हिटॅमिन के-१ आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं. झिंक फॉस्फाइड असेल तर काही तासांतच उलट्या होतात, त्यातून निघणारा वायू माणसालाही घातक असतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवा आणि पोटात अन्न घालू नका. कोणत्याही विषात मीठ-पाणी किंवा दूध पाजून उलटी काढायचा प्रयत्न नको. वेष्टन उचला आणि निघा.

आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूचं टणक सामान हलवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा एकामागून एक आल्या, तर लगेच न्या. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. पाय किंवा थोबाड झपाट्याने सुजलं तर घोणस किंवा फुरशाचा संशय, सूज नसताना पापण्या पडल्या आणि पाय लुळे पडले तर मण्यारीचा, सूज असूनही तसं झालं तर नागाचा. प्रतिविष कुत्र्यांनाही देतात, निघण्यापूर्वी ते दवाखान्यात आहे का ते फोनवर विचारा.

दवाखान्यात जाताना

धाप, आकडी, कुंथणं यांचा मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या, कारण तिथे पोचल्यावर ते थांबतं. उलटीचा आणि शीचा फोटो, खाल्लेल्या गोळ्यांची पट्टी, वजन, शेवटचं जेवण आणि शेवटची लघवी किती वाजता, शेवटची लस कधी, एवढं कागदावर लिहून घ्या. जवळचा डॉक्टर रात्री उपलब्ध नसेल तर कुठे जायचं, तो नंबर आजच भिंतीवर लावा. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही उपचार होतात, त्यांच्या वेळा आधीच विचारून ठेवा.

मांजराला हातात धरून नेऊ नका. पेटीत ठेवून वर टॉवेल झाका, अंधारात ते शांत राहतं. दुखापत झालेलं कुत्रं मालकालाही चावतं. रुंद बँडेजची पट्टी नाकावरून एकदा गुंडाळा, हनुवटीखाली गाठ मारा आणि टोकं कानांमागे बांधा. उलट्या होत असतील, धाप लागली असेल किंवा चपट्या नाकाचं असेल, तर तोंड बांधू नका. त्याऐवजी मानेभोवती जाड चादर गुंडाळून धरा.